रेघबाईंचं ठोकळ्यांचं शहर

पाणीपुरवठा आणि सांडपाणी खात्यात त्यांनी चौतीस वर्षं रेघा मारल्या. शाईच्या, सरळ, केसाइतक्या बारीक. म्हणून नाव पडलं रेघबाई. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. शिपायापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सगळे त्यांना रेघबाईच म्हणत, आणि फोन उचलला की त्याही म्हणत, "हं, रेघबाई बोलतेय, काय हरवलं?"

कारण फोन यायचा तो बहुतेक काहीतरी हरवल्याचाच. रस्ता खणलाय आणि नळ सापडत नाही. झाकण होतं तिथे आता फरशी आहे. रेघबाई डोळे मिटून सांगत, "कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापासून अकरा फूट शाळेच्या बाजूला या, तिथे खणा." आणि तिथेच तो सापडे. जमिनीवरचं शहर त्यांना बेताचंच ठाऊक होतं. कुठे नवं दुकान निघालं, कुठलं बंद पडलं, काही विचारा, खांदे उडवत. जमिनीखालचं शहर मात्र तोंडपाठ. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी नवरानवरीकडे बघण्याआधी शेजारणीच्या कानात सांगत, "या हॉलच्या खालून नऊ इंची नळ जातोय, ऐंशी वर्षांचा आहे, अजून ठणठणीत."

त्यांच्या धंद्यात दोन रेघांना फार मान. जे काम जमिनीत झालेलं आहे ते सलग रेघेनं दाखवायचं. जे व्हायचं आहे ते तुटक रेघेनं. सलग म्हणजे आहे, तुटक म्हणजे होईल. नव्या मुलींना शिकवताना त्या म्हणत, "बाकी हात थरथरला तर चालेल. या दोघींची अदलाबदल झाली तर मात्र उद्या कुणीतरी या कागदाच्या भरवशावर घर बांधेल."

निवृत्त झाल्या तेव्हा खात्यानं भाषणं केली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं कलतं टेबल जिन्याखाली नेऊन ठेवलं. रेघबाई घरी बसल्या. घरात तीन बायका: त्या, त्यांची धाकटी बहीण आणि बहिणीची मुलगी. धाकटी कपडे शिवायची, पुढच्या खोलीत तिचं मशीन दिवसभर खडखडायचं. भाची शाळेत सातवीला शिकवायची. रेघबाईंना करायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्या धाकटीच्या कापडावर खडूनं खुणा करून द्यायच्या आणि ती वैतागायची. "ताई, हा झगा आहे, धरण नाही. एवढं माप लागत नाही गं."

एका दुपारी भाची वह्या तपासत होती आणि एकदम हसायला लागली. मुलांना प्रश्न घातला होता, 'तुमच्या घरी पाणी कुठून येतं?' एकतीस मुलांपैकी सव्वीस जणांनी लिहिलं होतं, नळातून. चौघांनी टाकीतून. आणि एका मुलीनं लिहिलं होतं, 'आई आणते.'

भाची हसत होती, पण रेघबाई हसल्या नाहीत. "आणि जातं कुठे, ते विचारलंस का?"

"ते विचारलं असतं तर काय लिहिलं असतं, देव जाणे."

"नळातून येतं आणि मोरीत जातं," रेघबाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं आम्ही मधलं सगळं काढत बसलो, आणि शहराला दोन टोकंच ठाऊक."

तेव्हा भाचीनं आपला लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. शाळेत नुकतेच वीस संगणक आले होते, आणि त्यावर एक ठोकळ्यांचा खेळ होता. मातीचे, दगडाचे, काचेचे चौकोनी ठोकळे रचायचे, घरं बांधायची, डोंगर पोखरायचे, आणि आपण बांधलेल्या जगात स्वतःच चालत फिरायचं. दुसऱ्या काही शाळांत मुलं त्यात हृदय बांधून त्याच्या आतून फिरतात, असं भाचीनं कुठेतरी वाचलं होतं. तिला वाटत होतं, पाण्याचा धडा तसा शिकवावा.

रेघबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि नाक मुरडलं. "यात गोल काहीच नाही. नळ गोल असतो."

"मावशी, खेळ आहे तो."

"एक ठोकळा केवढा?"

"एक मीटर. लांबी, रुंदी, उंची, सगळं एक मीटर."

 रेघबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "असं सांग ना आधी. मग याला माप आहे."

पुढचे दोन महिने घरात काय चाललं ते धाकटीच सांगू जाणे. रेघबाईंच्या हाताला पेनाची सवय, माऊस त्यांच्या हातातून माशासारखा सुटायचा. आपल्याच खणलेल्या खड्ड्यात त्या पडत, वर येता येत नसे, आणि मोठ्यानं म्हणत, "अगं, मला काढ कुणीतरी!" धाकटी मशीन थांबवून धावत यायची आणि बघायची तर ताई खुर्चीवर ठणठणीत. पण हळूहळू जमलं. एकच भानगड उरली, पाण्याची. त्या खेळातलं पाणी सपाट जमिनीवर सात ठोकळे जातं आणि आठव्यापाशी थांबतं. पुढे न्यायचं तर एक पायरी खाली उतरवावं लागतं. रेघबाईंनी हे शोधून काढलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. "हे पाणी थेट आमच्या खात्यातलं आहे," त्या म्हणाल्या. "सात पावलं चालतं आणि बसकण मारतं. खाली ढकलल्याशिवाय हलत नाही."

मग त्या आठवड्यातून दोनदा भाचीच्या शाळेत जाऊ लागल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आनंदानं परवानगी दिली. निवृत्त बाई फुकट शिकवतात, वर संगणकांना कुणी हातही लावत नव्हतं, ते वापरात आले. कुणाचं काय बिघडलं?

मुलांना वाटलं, मजा आहे, गेम खेळायचा. पहिल्याच दिवशी रेघबाईंनी संगणक बंद करायला लावले आणि प्रत्येक गटाच्या हातात मोजपट्टी दिली. "बाहेर. आपापली गल्ली मोजून आणा. झाकण कुठे, नळ कुठे, गटार कुठे. जे मोजलं नाही ते बांधायचं नाही."

एक मुलगा कुरकुरला, "मावशी, अंदाजानं बांधू ना."

"अंदाजानं बांधलेल्या गटाराचं पाणी तुझ्या स्वयंपाकघरात येतं. चालेल?"

पोरं गेली. कुणी दोरी धरली, कुणी पावलं मोजली, कुणाला दुकानदारानं हाकललं. वह्या आकड्यांनी भरल्या. मोजमाप रेघबाईंना पाठ असलेल्या जागेशी जुळलं की त्या मान हलवत, आणि नाही जुळलं की पुन्हा पाठवत. मग बांधकाम सुरू झालं. रस्ते त्यांनी काचेचे करायला लावले, म्हणजे वरून चालताना खालचं दिसेल. स्वच्छ पाण्याचे नळ निळे, पावसाचे करडे, सांडपाण्याचे तपकिरी. नदी, तिच्या काठची पाणी खेचायची विहीर, शुद्धीकरण केंद्र, टेकडीवरची टाकी, एकेक गल्ली, एकेक घर. ज्या मुलाला भूगोलात कधी दोन ओळी धड लिहिता येत नव्हत्या, तो उभा राहून वर्गाला सांगू लागला की आमच्या गल्लीत पाणी बारीक का येतं, कारण आम्ही टाकीच्या तळापेक्षा दीडच ठोकळा खाली आहोत.

शहराच्या वेशीवर रेघबाईंनी एक पाटी लावली. खेळात पाटी लावता येते. त्यावर लिहिलं, 'नळांची जाडी आणि उतार दिसावा म्हणून फुगवला आहे. बाकी सगळं खरं.'

आणि इथेच माशी शिंकली.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे प्रश्नपेटी म्हणत. 'आई आणते' असं लिहिणारी तीच. ती नदीकाठच्या वस्तीत राहायची. एके दिवशी ती रेघबाईंच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, आमच्या वस्तीचं मोजमाप जमत नाहीये."

"पुन्हा मोज."

"तीनदा मोजलं. तुम्ही म्हणालात ना, वस्तीच्या तोंडाशी चेंबर आहे आणि तिथून तपकिरी नळ पंपघराकडे जातो. तिथे चेंबर नाही. तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी त्या काकांना विचारलं, ते म्हणाले, इथे कधीच काही खणलं नाही. आमचं गटार उघडं आहे, आणि ते सरळ नदीत जातं."

रेघबाईंनी तिची वही ओढून घेतली आणि आकडे पाहिले. मुलगी वाट बघत राहिली.

"मावशी, पाटीवर तर लिहिलंय, बाकी सगळं खरं."

त्या दिवशी रेघबाई लवकर घरी गेल्या. त्यांना आठवत होतं, नव्हे, अठरा वर्षं आठवतच होतं. वस्तीचं सांडपाणी पंपघराला जोडायची योजना होती. वर्ष संपत आलं होतं, काम पूर्ण झाल्याचा नकाशा वर पाठवायचा होता. तेव्हाचा तरुण अभियंता टेबलापाशी येऊन म्हणाला होता, "बाई, आठ दिवसांत नळ पडतोय. तुम्ही सलग मारून टाका." त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, पडला नाही तोवर तुटकच असते." तो हसला होता. "आठ दिवसांसाठी कशाला अडवता?" आणि त्यांनी सलग रेघ मारली होती. खाली सहीही केली होती. आठ दिवस गेले, आठ महिने गेले. दोनदा त्यांनी विचारलं, दोनदा 'होईल' असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. कागदावर काम झालेलं होतं, म्हणून नंतर कुणीच ते हाती घेतलं नाही. तो तरुण अभियंता आता खात्याचा मुख्य होता.

"सोडून दे गं," धाकटी म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कोण विचारतंय तुला?"

"बारा वर्षांची पोर विचारतेय."

"तिला सांग, चुकून राहिलं."

"चुकून राहिलं नाही," रेघबाई म्हणाल्या. "मी मारलीय ती रेघ. हातानं."

पुढच्या तासाला त्या वर्गापुढे उभ्या राहिल्या. भाची मागच्या बाकावर बसली होती, तिलाही त्यांनी आधी काही सांगितलं नव्हतं. "वस्तीपासून पंपघरापर्यंत जो तपकिरी नळ आपण बांधलाय, तो जमिनीत नाही," त्या म्हणाल्या. "तो मी तुम्हाला आठवणीतून सांगितला. माझ्या आठवणीत तो आहे, कारण अठरा वर्षांपूर्वी मी तो कागदावर काढला. खोटा काढला. मला सांगितलं म्हणून काढला, पण हात माझा होता."

 मागून कुणीतरी म्हणालं, "मग फोडून टाकू या?"

"फोडा," रेघबाई म्हणाल्या.

सहाशे चाळीस ठोकळे होते. खेळात एकेक ठोकळा फोडावा लागतो, टक्कन आवाज होतो आणि तो नाहीसा होतो. एकतीस मुलं आळीपाळीनं बसली आणि तो पूर्ण तास संगणकाच्या खोलीत नुसतं टक्, टक्, टक् चाललं होतं. शेवटी प्रश्नपेटीनं वस्तीचं उघडं गटार मोजमापाप्रमाणे बांधलं आणि त्यात पाणी सोडलं. पाणी सात ठोकळे गेलं, पायरी उतरलं, पुन्हा सात ठोकळे गेलं, आणि नदीत पडलं. नदीत ते पडलं त्या जागेपासून प्रवाहाच्या दिशेनं एकशे साठ ठोकळ्यांवर शहराची पाणी खेचायची विहीर होती. हे कुणाला सांगावं लागलं नाही. सगळ्यांना दिसत होतं.

महिन्याभरानं शाळेत पालकांना बोलावून शहर दाखवायचं ठरलं. मोठ्या बाईंनी कौतुकानं पाणी खात्याच्या मुख्य साहेबांनाच पाहुणे म्हणून बोलावलं. साहेब आले, छान बोलले, रेघबाईंच्या हाताच्या वळणाची आठवण काढली. मग संगणकापुढे बसले आणि काचेच्या रस्त्यांवरून फिरू लागले. टाकी पाहून 'वा' म्हणाले. शुद्धीकरण केंद्र पाहून 'अरे वा' म्हणाले. नदीकाठी आले आणि त्यांचा हात माऊसवर थांबला.

"बाई, जरा बाहेर येता का?"

व्हरांड्यात दोघंच होते. साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "मुलांचं काम सुंदर झालंय. तेवढी वस्तीची बाजू नकाशाप्रमाणे करून टाका. पालक बघतायत, उगाच घबराट नको. आणि पाणी शुद्ध होऊनच जातं, हे तुम्हाला मी काय सांगू?"

"शुद्ध होतं," रेघबाई म्हणाल्या. "पण औषधाची मात्रा दर वर्षी वाढवताय, ती कशासाठी, हेही मला तुम्ही सांगायला नको."

"बाई, खेळ आहे हो तो. खेळातल्या गटारासाठी भांडणार का?"

"खेळच आहे तर तुम्हाला का टोचतंय?"

साहेबांचा चेहरा बदलला. "एक लक्षात ठेवा. त्या शीटवर सही तुमची आहे. माझी नाही."

"आहे ना. म्हणून तर," रेघबाई म्हणाल्या. "एकदा तुमच्या सांगण्यावरून रेघ मारली. आता तुमच्या सांगण्यावरून खोडणार नाही."

चौथ्या दिवशी शाळेला पत्र आलं. शाळेच्या वेळात मुलांना गेम खेळायला लावलं जातं, खात्याचे नकाशे परवानगीशिवाय वापरले जातात, हे ताबडतोब थांबवावं. मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी संगणकाच्या खोलीला कुलूप लावलं आणि रेघबाईंना म्हणाल्या, "माझा नाइलाज आहे हो. वरून आलंय."

"वरून आलेलं खाली वाहतंच," रेघबाई म्हणाल्या. "मधे कुणीतरी झडप बंद करायची असते."

कुलूप काही उघडलं नाही. मग रेघबाई चालत सार्वजनिक वाचनालयात गेल्या. तिथे मुलांच्या विभागात एकच संगणक होता, त्यावर भाचीच्या लॅपटॉपमधलं शहर उतरवून घेतलं, आणि ग्रंथपाल शांततेचे मोठे भोक्ते. शाळा सुटल्यावर एकतीस मुलं तिथे जमू लागली. चौघं संगणकापुढे बसायची, बाकीची लांब टेबलावर चौकटीच्या कागदावर उभे छेद काढायची: रस्ता, खाली माती, खाली नळ, एक चौकट म्हणजे एक ठोकळा. ग्रंथपाल पहिल्या आठवड्यात 'शू' म्हणत होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या गल्लीचं माप आणून दिलं आणि विचारलं, "आमच्याकडचं झाकण दर पावसाळ्यात वर का उचललं जातं हो?"

घरी मात्र भाची रडकुंडीला आली होती. तिच्याकडे लेखी खुलासा मागितला होता. "मावशी, माझी नोकरी आहे ही. तू निवृत्त आहेस."

रेघबाईंना हे लागलं.  मग त्यांनी कागद घेतला आणि सरळ अक्षरात लिहिलं. महापालिकेच्या प्रमुखांना. अमुक शीट, अमुक तारीख, वस्ती ते पंपघर ही सलग रेघ खोटी आहे, ती मी काढली, कोणाच्या सांगण्यावरून काढली, आणि शाळेचा किंवा शिक्षिकेचा यात काही दोष नाही. चौकशी करायची तर माझी करा. खाली सही.

धाकटीनं ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चौतीस वर्षं एक डाग नाही आणि आता स्वतःच्या हातानं लावून घेतेस?"

"डाग आधीच होता," रेघबाई म्हणाल्या. "मी त्याच्यावर बसले होते, म्हणून दिसत नव्हता."

चौकशी लागली. तिघांची समिती, अध्यक्ष म्हणून दुसऱ्या खात्यातल्या एक बाई, जाड चष्मा आणि कमी बोलणं. एका लांबट खोलीत सकाळी अकराला बसले सगळे. साहेब फाईल घेऊन आले होते. रेघबाई भाचीचा लॅपटॉप आणि एकतीस वह्या घेऊन आल्या होत्या.

साहेब म्हणाले, बाईंचं वय झालंय, जुन्या गोष्टी नीट आठवत नाहीत, आणि पुरावा म्हणून त्या मुलांचा खेळ घेऊन आल्यात. शिवाय खात्याचे नकाशे घरी नेले असणार.

"एकही नेला नाही," रेघबाई म्हणाल्या. "या वह्या बघा. मुलांनी पट्टीनं मोजलंय सगळं. खात्याच्या नकाशात आणि यात जिथे फरक पडला, तिथेच आपण आज बसलोय."

अध्यक्षबाईंनी वह्या चाळल्या. मग म्हणाल्या, "तो खेळ दाखवा."

रेघबाईंनी लॅपटॉप वळवला. अध्यक्षबाईंनी माऊस स्वतः हातात घेतला. त्यांनाही सवय नव्हती. दोन पावलं चालल्या, भिंतीला धडकल्या, वळल्या, नदीकाठच्या वस्तीच्या तोंडाशी आल्या आणि धपकन उघड्या गटारात पडल्या.

"आता?"

"काही करू नका," रेघबाई म्हणाल्या. "पाणी नेईल तिकडे जा."

खेळातलं पाणी माणसाला ओढून नेतं. गटारानं त्यांना पायरी पायरीनं उतरवत नेलं, नदीत टाकलं, नदीनं पुढे ढकललं.  साहेब एकदा खाकरले. पडद्यावर निळं अंधारलं, भोवती दगडी भिंत आली, आणि हालचाल थांबली.

"मी कुठे आले?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत," रेघबाई म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी माऊस सोडला, समोरचा पाण्याचा पेला थोडा बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "गाडी मागवा. आपण सगळे आत्ता तिथे जातोय. मोजपट्टी कुणाकडे आहे?"

मोजपट्टी रेघबाईंच्या पिशवीत होती. वस्तीच्या तोंडाशी सायकलवाले काका हात पुसत बाहेर आले आणि एवढी मंडळी बघून म्हणाले, "काय, आता तरी खणणार का?"

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण उजाडायला वेळ लागतो, हे खरं. निकाल यायला पाच महिने गेले. साहेबांची बदली भांडाराकडे झाली, जिथे ते झडपा आणि नळांची नोंद ठेवतात. वस्तीचं काम मंजूर झालं. चौदा महिन्यांनी खणायला सुरुवात झाली आणि हे लिहीपर्यंत निम्मा नळ पडला आहे, निम्मा पडायचा आहे. प्रश्नपेटी रोज शाळेत येताना किती पुढे आला ते मोजून येते आणि खेळात तेवढेच ठोकळे लावते, एकही जास्त नाही. भाचीला दिलेली खुलाशाची नोटीस मागे घेतली गेली. संगणकाच्या खोलीचं कुलूप निघालं.

रेघबाईंना मात्र शिक्षा झाली. खात्यानं एक कागद पाठवला, त्यावर सही करून परत द्यायचा होता. त्यात दोन परिच्छेद होते. पहिला असा की, मी न झालेलं काम झालेलं म्हणून दाखवलं, याबद्दल मला खेद आहे. दुसरा असा की, परवानगीशिवाय शहराचं काल्पनिक चित्र तयार करून मुलांना आणि पालकांना दाखवलं, याबद्दलही मला खेद आहे. सही केली की प्रकरण मिटलं. नाही केली तर खात्याच्या निवृत्तांच्या फलकावरून नाव उतरणार होतं.

धाकटी म्हणाली, "कर बाई सही. दोन ओळींचा तर प्रश्न आहे."

रेघबाईंनी पहिला परिच्छेद दोनदा वाचला आणि त्याच्या शेजारी सही केली. मग सेट-स्क्वेअर काढला, दुसऱ्या परिच्छेदातल्या प्रत्येक ओळीवर एकेक रेघ ओढली, सरळ, केसाइतकी बारीक, आणि समासात लिहिलं, 'चित्र काल्पनिक नाही. खेद नाही.'

फलकावरून नाव उतरलं. जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींनी रस्त्यात बघून न बघितल्यासारखं केलं. एकीनं घरी येऊन विचारलं, "रेघबाई, शेवटच्या वयात हे कशाला ओढवून घेतलंत?" त्यांनी तिला चहा दिला आणि लॅपटॉपवर तिच्या स्वतःच्या घराखालचा नळ दाखवला. ती तासभर बसली.

निकालानंतरच्या पहिल्या जूनमध्ये नवा वर्ग आला. मोठ्या बाईंनी रेघबाईंना कार्यालयात बोलावलं, बसायला सांगितलं, आणि जरा चाचरतच म्हणाल्या, "यंदाही तुम्ही याच, मुलं वाट बघतायत. फक्त एक विनंती आहे. या वर्षी काहीतरी निरुपद्रवी बांधू या. शहर वगैरे नको. एखादा जुना किल्ला घ्या ना. त्यावर कुणाला काही म्हणता येणार नाही."

"किल्ला छान आहे," रेघबाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला.

"गडावर हजार माणसं राहत असतील," रेघबाई उठता उठता म्हणाल्या. "हजार माणसांचं सांडपाणी जात कुठे होतं, आणि खाली कोण राहत होतं, इथपासून सुरुवात करू. मोजपट्ट्या तेवढ्या बारा लागतील. जुन्या झिजल्यात."